अध्यक्षीय वादविवादातील कामगिरीचे मूल्यमापन

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतील प्रमुख उमेदवार एकाच व्यासपीठावर, ठरलेल्या नियमांनुसार व सूत्रसंचालकाच्या उपस्थितीत परस्परांशी जी जाहीर प्रश्नोत्तरे करतात, तिला अध्यक्षीय वादविवाद असे म्हणतात. मराठी वृत्तपत्रांत 'अध्यक्षीय चर्चा', 'महाचर्चा' आणि 'प्रेसिडेन्शियल डिबेट' असेही शब्द आढळतात. अशा वादविवादात कोणता उमेदवार सरस ठरला हे ठरविण्याच्या रीती, त्यांमागील निकष आणि या निर्णयाचा प्रत्यक्ष मतदानाशी असलेला संबंध हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भारतात राष्ट्रपतींची निवड संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य करतात. त्यामुळे मतदारांसमोर होणाऱ्या अशा वादविवादाची प्रथा येथे नाही. तथापि दोन पक्षांचे म्हणणे समोरासमोर ऐकून डावे-उजवे ठरविण्याची परंपरा भारतीय वादशास्त्रात जुनी आहे आणि कोकणातील लोककलांत ती आजही चालू आहे.

मूल्यमापनाचे स्वरूप

'वादविवाद कोणी जिंकला?' हा प्रश्न एक दिसला तरी त्यात तीन प्रश्न मिसळलेले असतात. कोणाचा युक्तिवाद अधिक सुसंगत होता, हा पहिला. पाहणाऱ्यांवर कोणाची छाप पडली, हा दुसरा. आणि कोणाची मते वाढली, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे पुष्कळदा वेगवेगळी येतात. वृत्तपत्रांचे मथळे मात्र ती एकाच शब्दात गुंडाळतात.

शालेय व महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत परीक्षकांच्या हाती गुणपत्रक असते. विषयाची मांडणी, पुरावे, प्रतिपक्षाचे खंडन, भाषा, उच्चार आणि वेळेचे भान अशा बाबींना स्वतंत्र गुण दिले जातात, आणि स्पर्धकाला कोणती बाजू मिळाली याला महत्त्व नसते. अध्यक्षीय वादविवादात असा परीक्षक नसतो. पाहणारा मतदार स्वतःच एका पक्षाकडे झुकलेला असतो आणि त्याला गुण द्यायचे नसून राज्यकर्ता निवडायचा असतो. म्हणून स्पर्धेचे गुणपत्रक येथे जसेच्या तसे लावता येत नाही. मात्र खंडन आणि छाप यांना निराळ्या रकान्यांत गुण देण्याची त्यातील शिस्त येथेही उपयोगी पडते.

व्यवहारात चार साधने वापरली जातात. पहिले साधन म्हणजे वादविवाद संपताच घेतली जाणारी झटपट मतचाचणी. ती दूरध्वनीवरून काहीशे प्रेक्षकांची घेतली जाते. तिच्यात केवळ कार्यक्रम पाहिलेल्यांचे मत येते, सर्व मतदारांचे नव्हे. एखाद्या पक्षाचे समर्थक अधिक संख्येने कार्यक्रम पाहत असतील, तर कौल तिकडे झुकतो. दुसरे साधन म्हणजे निवडक प्रेक्षकांच्या हाती दिलेली कळ. आवडले की ती एका बाजूला आणि नावडले की दुसऱ्या बाजूला फिरवायची. त्यातून निघणारी चढउताराची रेघ काही वाहिन्या चालू कार्यक्रमातच पडद्यावर दाखवतात. ब्रिटनमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ही रेघ मुद्दाम बदलून दाखविली असता, कोण जिंकले याविषयीचे प्रेक्षकांचे मतही तिच्यामागोमाग बदललेले आढळले. मोजण्याचे साधनच मोजायची वस्तू बदलू लागले, तर त्याचा भरवसा किती धरावा हे उघड आहे. तिसरे साधन तथ्यपडताळणीचे. उमेदवारांनी दिलेले आकडे व दावे खरे होते का, याची छाननी पत्रकार करतात. चौथे म्हणजे राजकीय विश्लेषकांची मते. प्रभाव सर्वाधिक याच साधनाचा पडतो. पुढील काही उदाहरणांवरून ते स्पष्ट होईल.

भारतीय वादशास्त्रातील निकष

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे (कथेचे) तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य जाणण्यासाठी केलेली चर्चा हा वाद. जिंकणे हाच हेतू ठेवून, प्रसंगी छलकपटाचाही आधार घेऊन केलेली चर्चा म्हणजे जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ समोरच्याचे खोडून काढणे म्हणजे वितंडा. आपण ज्याला 'वितंडवाद' म्हणतो तो शब्द येथूनच आलेला आहे. या वर्गीकरणानुसार अध्यक्षीय वादविवादाला नाव 'वाद' असले, तरी जातीने तो जल्प ठरतो, आणि प्रचार तापला की वितंडेकडे घसरतो.

वादी केव्हा हरला असे मानावे, याची २२ निग्रहस्थाने न्यायसूत्रांत दिली आहेत. त्यांतील काही आजच्या वादविवादांनाही नेमकी लागू पडतात. विचारलेले सोडून भलतेच बोलणे हे 'अर्थांतर'. उत्तर न सुचणे ही 'अप्रतिभा'. दुसरे काम निघाल्याचे निमित्त करून चर्चा तोडणे हा 'विक्षेप'. स्वतःवरील दोषारोप न खोडता 'तुमच्याकडेही तोच दोष आहे' असे म्हणणे ही 'मतानुज्ञा'. प्रतिपक्ष निग्रहस्थानात सापडला असता ते दाखवून न देणे हाही पराभवच मानला असून त्याला 'पर्यनुयोज्योपेक्षण' असे लांबलचक नाव आहे. यांशिवाय छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. 'नवकंबल' म्हणजे नवी घोंगडी असे वक्त्याला म्हणायचे असता, 'याच्याकडे नऊ घोंगड्या कुठे आहेत?' असे विचारणे हे वाक्छलाचे प्रसिद्ध उदाहरण होय. प्रतिस्पर्ध्याचे अर्धे वाक्य उचलून त्याला निराळा अर्थ चिकटविणारी आजची प्रचारफीत याच कुळातली आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या परस्पर चर्चेचे दोन प्रकार आहेत. सलोख्याने केलेली ती संधाय संभाषा आणि चुरशीने केलेली ती विगृह्य संभाषा. तेथील लक्षणीय भाग असा की, चर्चेला उतरण्यापूर्वी केवळ प्रतिपक्षाची नव्हे तर सभेचीही परीक्षा करावी, असे सांगितले आहे. सभा जाणती आहे की अजाण, आणि ती आपल्याशी स्नेहाने वागणारी, तटस्थ की विरोधात बसलेली आहे, हे पाहून बोलण्याची रीत ठरवावी. चर्चेचा निकाल ऐकणाऱ्यांवरही अवलंबून असतो, ही जाणीव त्यामागे दिसते.

अमेरिका

अमेरिकेतील वादविवादांचा पूर्वज म्हणून अब्राहम लिंकन व स्टीफन डग्लस यांच्या १८५८ मधील सात सभांचा उल्लेख केला जातो. ती निवडणूक अध्यक्षपदाची नसून इलिनॉय राज्यातील सिनेटच्या जागेची होती. पहिला वक्ता एक तास बोले, दुसरा दीड तास, आणि अखेरचा अर्धा तास पुन्हा पहिल्याला मिळे. ती जागा डग्लस यांना मिळाली. लिंकन यांची भाषणे मात्र छापील स्वरूपात देशभर पोहोचली आणि १८६० साली ते अध्यक्ष झाले.

दूरचित्रवाणीवरील पहिला अध्यक्षीय वादविवाद २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यात झाला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे निक्सन नुकतेच रुग्णालयात राहून आले होते आणि पडद्यावर ते थकलेले दिसले. 'रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले, दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना केनेडी' हे विधान तेव्हापासून पाठ्यपुस्तकांतही शिरले आहे. ते सावधपणे वाचले पाहिजे. या विधानाचा मुख्य आधार असलेल्या पाहणीत रेडिओ श्रोत्यांची संख्या तीनशेहूनही कमी होती. १९८७ साली व्हॅन्सिल आणि पेंडेल या अभ्यासकांनी त्यातील उणिवा दाखवून दिल्या. रेडिओवर विसंबणारा वर्ग मुख्यतः ग्रामीण होता आणि त्याचा कल आधीपासूनच निक्सन यांच्याकडे असण्याचा संभव होता, असे त्यांनी म्हटले. प्रतिमेचा प्रभाव पडतो हे खरे. पण या एका पाहणीने तो सिद्ध होत नाही.

त्यानंतरच्या तीन निवडणुकांत वादविवाद झालेच नाहीत. १९७६ साली ते पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्को येथे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी, पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, अशा आशयाचे विधान केले. प्रश्नकर्त्या पत्रकाराने सावरण्याची संधी देऊनही ते त्यावर ठाम राहिले. मूल्यमापनाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना पुढे घडली. त्याच रात्री विचारलेल्या प्रेक्षकांना फोर्ड यांची कामगिरी वाईट वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांनी व वाहिन्यांनी ते विधान उचलून धरल्यावर, त्याच वादविवादात जिमी कार्टर मोठ्या फरकाने जिंकले असे लोक सांगू लागले. वादविवाद एकच, पण एका दिवसात निकाल फिरला. २००० साली बॉस्टनच्या वादविवादानंतरही असेच झाले. झटपट चाचणीत अल् गोर किंचित पुढे होते. परंतु प्रतिस्पर्धी बोलत असता त्यांनी सोडलेले उसासे वाहिन्यांनी पुनःपुन्हा दाखविले आणि चर्चा मुद्द्यांची न राहता उसाशांची झाली.

१९८४ चे उदाहरण वादशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य पाहावे. रोनाल्ड रेगन तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि पहिल्या वादविवादात ते अडखळले होते. २१ ऑक्टोबर रोजी कॅन्सस सिटी येथे, वयोमानामुळे संकटकाळी काम झेपेल का, असा प्रश्न त्यांना विचारण्यात आला. प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा व अननुभवाचा आपण राजकीय फायदा उठविणार नाही, असे त्यांनी हसत उत्तर दिले. खुद्द प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेलही हसले. न्यायसूत्रांच्या कसोटीवर हे अर्थांतराकडे झुकणारे आहे, कारण काम झेपेल याविषयी शंका नाही एवढेच त्यात आले, त्याचे कारण मात्र आले नाही. पण सभेवर पडलेल्या छापेच्या कसोटीवर तो त्या रात्रीचा निर्णायक क्षण ठरला. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नांमधील अंतर याहून स्वच्छ क्वचितच दिसते.

तिसऱ्या प्रश्नाची, म्हणजे मतांची, गोष्ट आणखी वेगळी आहे. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी डेन्व्हर येथील वादविवादानंतर गॅलपच्या चाचणीत ७२ टक्के प्रेक्षकांनी मिट रॉम्नी यांना आणि २० टक्क्यांनी बराक ओबामा यांना कौल दिला; निवडणूक ओबामांनी जिंकली. २०१६ साली सीएनएनच्या तिन्ही चाचण्यांत हिलरी क्लिंटन पुढे होत्या (पहिल्या वादविवादानंतर ६२ विरुद्ध २७ टक्के). अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प झाले. १० सप्टेंबर २०२४ च्या वादविवादात कमला हॅरिस यांना ६३ व ट्रम्प यांना ३७ टक्के प्रेक्षकांनी सरस ठरविले; निवडून ट्रम्प आले.

याला मोठा अपवाद त्याच वर्षीचा. २७ जून २०२४ रोजी अटलांटा येथे, प्रेक्षकांविना आणि पाळी नसताना ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याच्या नियमाने झालेल्या वादविवादात अध्यक्ष जो बायडेन यांचे बोलणे वारंवार तुटले. जुन्या परिभाषेत ही अप्रतिभा होय. ६७ टक्के प्रेक्षकांनी ट्रम्प यांना कौल दिला आणि २१ जुलै रोजी बायडेन यांनी उमेदवारी सोडली. येथे मतदारांआधी स्वपक्षाने निकाल दिला.

आयर्लंड : दोन प्रसंग

आयर्लंडमधील राष्ट्राध्यक्षपद बव्हंशी मानाचे असले, तरी त्याची निवड थेट मतदानाने होते. २०११ साली सात उमेदवार रिंगणात होते. अपक्ष उमेदवार शॉन गॅलॅघर मतचाचण्यांत सुमारे ४० टक्क्यांसह आघाडीवर होते. मतदानाला तीन दिवस उरले असता, २४ ऑक्टोबर रोजी आरटीई वाहिनीवरील वादविवादात मार्टिन मॅकगिनेस यांनी त्यांच्यावर एका पक्षासाठी निधी गोळा केल्याचा आरोप केला. त्यानंतर सूत्रसंचालकाने मॅकगिनेस यांच्या प्रचारपथकाचा म्हणून एक ट्वीट वाचून दाखविला. निधी देणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषदेत हजर होणार, असा त्याचा आशय होता. गॅलॅघर गोंधळले आणि त्यांचे उत्तर अडखळत आले. मतदानात मायकेल डी. हिगिन्स यांना पहिल्या पसंतीची ३९.६ टक्के, तर गॅलॅघर यांना २८.५ टक्के मते पडली. तो ट्वीट त्या प्रचारपथकाच्या अधिकृत खात्याचा नव्हता. प्रसारण नियामक मंडळाने २०१२ साली गॅलॅघर यांची तक्रार ग्राह्य धरली, आणि २०१७ साली वाहिनीने माफी मागून त्यांच्याशी तडजोड केली. गॅलॅघर यांचे उत्तर कच्चे होते, असे म्हणता येईल. पण ज्या प्रश्नाचा पायाच खोटा, त्याच्या उत्तरावरून उमेदवाराला तोलणे कितपत न्याय्य, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. मूल्यमापन उमेदवारांचे होते तसे प्रश्नकर्त्याचेही व्हावे लागते.

दुसरा प्रसंग अध्यक्षपदाचा नसून पंतप्रधानपदाचा आहे, परंतु कोकणी वाचकाला तो जवळचा आहे. आयर्लंडचे माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे वडील मूळचे मालवण तालुक्यातील वराड या गावचे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात होते. डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर या गावी येऊन गेले आणि काही आठवड्यांतच ८ फेब्रुवारी २०२० च्या निवडणुकीला सामोरे गेले. आरटीईने अखेरचा वादविवाद प्रथम केवळ वराडकर व मिहाल मार्टिन या दोघांत ठेवला होता. सिन फेन हा पक्ष मतचाचणीत पहिला आल्यावर त्याच्या नेत्या मेरी लू मॅकडॉनल्ड यांनाही बोलाविण्यात आले. ४ फेब्रुवारीच्या त्या कार्यक्रमात एका जुन्या खूनप्रकरणी सहकाऱ्याने केलेल्या वक्तव्यावरून मॅकडॉनल्ड यांची सर्वाधिक अडचण झाली. चार दिवसांनी त्यांच्याच पक्षाला पहिल्या पसंतीची सर्वाधिक, २४.५ टक्के, मते मिळाली. घरांची टंचाई आणि आरोग्यसेवा हे विषय मतदारांच्या मनात आधीच पक्के बसले होते. एका रात्रीच्या अडखळण्याने ते हलले नाहीत.

महाराष्ट्र व कोकण

महाराष्ट्रात उमेदवाराची पारख प्रचारसभेत होते, आणि सभा एकतर्फी असते. प्रतिपक्षाचे उत्तर निराळ्या दिवशी, निराळ्या व्यासपीठावरून येते. त्याला 'उत्तरसभा' हे नावही रूढ झाले आहे. २ एप्रिल २०२२ च्या शिवाजी पार्कवरील गुढीपाडवा मेळाव्यानंतर राज ठाकरे यांनी १२ एप्रिलला ठाण्यात घेतलेली सभा याच नावाने ओळखली जाते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत त्यांनी, स्वतःच्या पक्षाचा एकही उमेदवार उभा नसताना, प्रतिपक्षाच्या जुन्या भाषणांच्या चित्रफिती पडद्यावर दाखवून त्यांचे खंडन केले. 'लाव रे तो व्हिडिओ' हे शब्द तेव्हा घरोघरी पोहोचले. प्रतिपक्षाचेच शब्द पुरावा म्हणून मांडण्याची ही रीत खंडनाच्या दृष्टीने प्रभावी होती. निकालात मात्र राज्यातील ४८ पैकी ४१ जागा भाजप-शिवसेना युतीला मिळाल्या.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील तत्कालीन राजापूर मतदारसंघाने बॅरिस्टर नाथ पै यांना १९५७, १९६२ व १९६७ असे तीनदा आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांना १९७१ पासून सलग पाचदा लोकसभेत पाठविले. दोघेही नामांकित वक्ते होते. या मतदारसंघाला वक्तृत्वाची पारख होती असे म्हटले जाते आणि ते खोटे नाही. परंतु हेच दंडवते १९९१ साली येथेच पराभूत झाले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

समोरासमोरचा सामना कोकणी माणूस पाहतो तो निवडणुकीत नव्हे, तर शक्ती-तुऱ्यात आणि डबलबारीत. रत्नागिरी जिल्ह्यातील जाखडी नृत्याच्या शक्ती-तुरा सामन्यात शक्तीला श्रेष्ठ मानणारा एक शाहीर आणि शिवाला श्रेष्ठ मानणारा दुसरा, आळीपाळीने गाण्यांतून सवाल-जवाब करतात. डबलबारी भजनात हेच काम दोन बुवा करतात. एकाने पुराणातील प्रश्न घालायचा आणि दुसऱ्याने आपल्या पाळीला तो सोडवायचा. श्रोत्यांचा निकाल साध्या कसोट्यांवर बेतलेला असतो. सवालाला जवाब आला का? आलेला जवाब त्याच सवालाचा होता का? उत्तर ठाऊक नसता चाल चढवून वेळ मारून नेणारा बुवा जाणत्या श्रोत्यांच्या ताबडतोब लक्षात येतो. त्याच्या आवाजाची ते वाहवा करतील, पण सामना त्याच्या नावावर लिहिणार नाहीत. छाप आणि उत्तर यांना असे वेगळे गुण देणे हे झटपट मतचाचणीला जमत नाही, कारण तिच्यात प्रश्न एकच असतो. येथे श्रोता रात्रभर बसलेला असतो आणि दोन्ही पक्षांची गाणी त्याला पाठ असतात, हाही फरक आहेच.

भारतात पंतप्रधानपदाच्या दावेदारांमध्ये असा सामना घडवून आणण्याचा एक प्रयत्न २०२४ साली झाला. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, दिल्ली उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती व मूळचे सोलापूरचे अजित शहा आणि ज्येष्ठ पत्रकार एन. राम यांनी मे महिन्यात नरेंद्र मोदी व राहुल गांधी यांना जाहीर चर्चेचे निमंत्रण दिले. गांधी यांनी ते स्वीकारले. भाजपच्या बाजूने पंतप्रधानांऐवजी युवा आघाडीचे अभिनव प्रकाश यांचे नाव पुढे करण्यात आले. चर्चा झाली नाही.